कमी दाब म्हणजे किती कमी? हवामानाचा नकाशा वाचताना

‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र, राज्यात पावसाचा जोर वाढणार.’ जून ते सप्टेंबर ही बातमी आपण इतक्यांदा वाचतो की तिच्यातला ‘कमी’ हा शब्द नजरेतून निसटून जातो. कमी म्हणजे किती? आणि कशापेक्षा? जुलैत मुंबईत हवेचा दाब १००४ हेक्टापास्कलच्या आसपास असतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जानेवारीत तोच १००४ दिसला तर वेधशाळेतला माणूस आधी यंत्र तपासेल. त्याच जुलैत राजस्थान आणि पाकिस्तानच्या वाळवंटी भागात दाब ९९६ च्या आसपास उतरतो, मुंबईपेक्षा बराच कमी, आणि तरी तिथे अनेकदा ढगही नसतो.

हवामानाच्या नकाशावरचा कुठलाही आकडा एकटा असला की काहीच सांगत नाही. शेजारच्या ठिकाणचा आकडा, काल याच वेळेला असलेला आकडा, या तारखेची सरासरी, यांपैकी काहीतरी बाजूला ठेवलं की अर्थ लागायला सुरुवात होते. नकाशा वाचायचा म्हणजे फरक वाचायचे. हे एकदा डोक्यात बसलं की त्या वळणावळणाच्या रेषांची भीती उरत नाही.

डोक्यावरच्या हवेचं वजन

हवेला वजन असतं हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, पण किती ते सांगितलं की बहुतेकांचा विश्वास बसत नाही. समुद्रकाठी एक चौरस मीटर जागेवर उभ्या असलेल्या हवेच्या खांबाचं वजन सुमारे दहा टन भरतं. हवेचा दाब म्हणजे हेच वजन. इटलीत टॉरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने ते मोजायची रीत काढली. पाच वर्षांनी, १६४८ च्या सप्टेंबरात, फ्रान्समध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचा नवरा ती नळी घेऊन पी द दोम नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटीमीटर खाली उतरलेला होता. वर गेल्यावर डोक्यावरची हवा कमी उरते, म्हणून वजन कमी. आज दाबाच्या एककाला पास्कलचंच नाव आहे. असे शंभर पास्कल म्हणजे एक हेक्टापास्कल. जुन्या पुस्तकांतला मिलिबारही तेवढाच. समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टापास्कल धरतात.

पास्कलचा प्रयोग आपल्याकडे सिंहगडावर सहज करता येतो, कारण आता अनेक मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि गडाचा माथा १३०० मीटरच्या थोडा वर. एवढ्या चढात दाब साधारण ८० हेक्टापास्कलने उतरतो. आता ही दुसरी गोष्ट पाहा. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाच्या केंद्रात दाब ९८४ च्या आसपास होता, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक हेक्टापास्कलने कमी. तेवढ्या फरकाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पिठलं-भाकरी खायला गडावर गेलेला माणूस त्याच्या जवळजवळ चौपट फरक पार करून येतो आणि त्याचा केसही हलत नाही.

असं का? उभ्या दिशेतला फरक कितीही मोठा असला तरी त्याने हवा वर उडून जात नाही. वरच्या दिशेला ढकलणारा तो जोर आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण एकमेकांना तोलून धरतात. आडव्या दिशेत तोलायला असं काही नसतं. तिथे शंभर किलोमीटरमध्ये दोन-चार हेक्टापास्कलचा फरक पडला तरी वारा जोर धरतो. म्हणून हवामानशास्त्राला आडवा फरक हवा असतो आणि उंचीचा फरक अडचणीचा ठरतो. तो काढून टाकला नाही तर प्रत्येक नकाशावर पुणे, महाबळेश्वर, बंगळूर ही ठिकाणं कायमची ‘कमी दाबाची क्षेत्रं’ दिसतील. पुण्याचा प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास असतो. नकाशावर घालण्यापूर्वी त्यात समुद्रसपाटीपर्यंतच्या हवेचं कल्पित वजन मिळवतात आणि मग तो मुंबईच्या आकड्याशेजारी बसवता येतो. ही बेरीज तापमानाच्या अंदाजावर चालते, त्यामुळे उंची फार असेल तर ती डळमळीत होते. तिबेट किंवा लडाखवरून जाणाऱ्या समदाब रेषांवर फार भरवसा ठेवू नये, हे अनुभवी लोक आवर्जून सांगतात. आणि पुण्यात बसून मोबाइलवर ९४८ दिसलं तर घाबरू नये, सेन्सरने ती बेरीज केलेली नसते इतकंच.

दाबाचा आणखी एक खेळ आपल्या अक्षांशांत चालतो. सूर्याच्या तापण्यामुळे वातावरणातही भरती-ओहोटी येते. सकाळी दहाच्या सुमाराला दाब सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमाराला कमी, पुन्हा रात्री दहाला वर, पहाटे चारला खाली. हा फरक दिवसात तीन-चार हेक्टापास्कलचा असतो, हवा स्वच्छ असो की ढगाळ. दुपारी दाब उतरताना पाहून वादळ आलं म्हणाल तर रोजच वादळ येईल. युरोपात ही भरती इतकी बारीक असते की तिथल्या मोठ्या चढउतारांत ती दिसतही नाही. जुन्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात टांगलेले विलायती पितळी बॅरोमीटर, ज्यांच्या तबकडीवर ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे शोभेपुरतेच राहिले त्याचं एक कारण हे. आपल्याकडचा हवामानतज्ज्ञ म्हणूनच आज सकाळी साडेआठचा दाब काल सकाळी साडेआठच्या दाबाशी ताडून पाहतो. चोवीस तासांतला हा फरक दोन-तीन हेक्टापास्कलने उतरता दिसला, तोही एका पट्ट्यातल्या अनेक ठिकाणी, तर काहीतरी शिजतंय.

ऊन सगळीकडे सारखंच, मग पारा वेगळा का?

दाबाच्या मुळाशी बऱ्याच वेळा तापमान असतं. जमीन तापली की तिच्यावरची हवा फुगते, हवेचा खांब उंच होतो, आणि वरच्या थरांत ती हवा आजूबाजूला सांडते. खांबातली हवाच कमी झाली की खाली वजनही कमी. थंड हवेचं उलट: ती आकसते, वरून आणखी हवा येऊन बसते, वजन वाढतं. हिवाळ्यात सैबेरियावर दाब १०३० च्याही वर जातो तो यामुळे. पण सगळे चढ-उतार तापण्या-गारठण्यातून येत नाहीत. दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला साधारण ३० अंश दक्षिणेला, मस्कारीन नावाचा जास्त दाबाचा मोठा टापू असतो. तिथे वरून हवा खाली बसत राहते म्हणून दाब जास्त. आपला मान्सून सुरू होतो तो तिथून निघालेल्या वाऱ्यांनी.

आता तापमानाचं पाहू. सूर्य किती उंचावरून तळपतो हे अक्षांशावर आणि ऋतूवर ठरतं, ते सर्वांना माहीत आहे. पण मुंबई आणि नागपूर यांच्या अक्षांशांत दोन अंशांचाच फरक आहे, आणि मे महिन्यात कमाल तापमानात नऊ-दहा अंशांचा. हे काम समुद्राचं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते तिच्या पाचव्या भागात एक किलो कोरडी माती तेवढीच तापते. शिवाय समुद्रात उष्णता लाटांनी घुसळून खोलवर जाते, जमिनीत ती वरच्या वितभर थरातच अडकते. त्यामुळे नागपूर दिवसा रखरखीत तापतं आणि डिसेंबरच्या रात्री तितक्याच घाईने गारठतं. मुंबई दोन्हीकडे आळशी.

कोकणातल्या मच्छीमाराला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. दिवसा तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येणारे ते खारे वारे, आणि रात्री गार पडलेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. दाबाच्या फरकाचा सगळ्यात छोटा, रोज दिसणारा नमुना हाच. मुंबईचा उकाडाही याच वेळापत्रकावर चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी पूर्वेकडून येणारे कोरडे वारे जोरात असले की ते खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर येऊच देत नाहीत. एरवी दुपारच्या आधी पोचणारा खारा वारा दीड-दोन वाजेपर्यंत अडकतो आणि तेवढ्यात पारा चाळिशीला टेकतो. सांताक्रूझला मार्चचा उच्चांक ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६ चा. मुंबईत मे महिना मार्चइतका पारा चढवत नाही, याचं नवख्या माणसाला आश्चर्य वाटतं. मेमध्ये समुद्राचा वारा पक्का झालेला असतो. उद्या मुंबईत किती तापेल हे सांगणारा माणूस ऊन कमी आणि वारा कुठून येणार हे जास्त पाहतो.

उंचीने गारवा येतो, सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश. महाबळेश्वर थंड का, याचं उत्तर तेवढंच. पण हिवाळ्याच्या शांत, निरभ्र रात्री हा नियम उलटा होतो. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून खाली वाहत सखल जागी साचते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत स्वेटर पुरतो त्या रात्री वेण्णा तलावाच्या काठी स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचे हिमकण होतात. नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो आणि द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, त्यालाही निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि थांबलेला वारा हेच कारण. ढगांचा एक पातळ थर आला तरी तो पांघरुणाचं काम करतो. पुण्यात शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात हिवाळ्यात पाच-सहा अंशांचा फरक छापून येतो तेव्हा लोक यंत्रावर संशय घेतात. यंत्र बरोबर असतं. एकीकडे मोकळी जागा आणि झाडं, दुसरीकडे रात्रभर उष्णता सोडत राहणारं काँक्रीट.

आणि हो, वेधशाळेचं तापमान उन्हातलं नसतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, सावलीत मोजलेलं ते हवेचं तापमान. गाडीच्या पडद्यावर दिसणारे ४६ अंश आणि वेधशाळेचे ४१ यांत भांडण लावण्यात अर्थ नाही.

रेषा वाचताना

समान दाबाची ठिकाणं जोडून काढलेली रेषा म्हणजे समदाब रेषा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ट्रेकच्या नकाशावरच्या समोच्च रेषा ठाऊक असतात: रेषा दाटीवाटीने असतील तिथे कडा, विरळ असतील तिथे पठार. समदाब रेषांचं तसंच आहे. दाट तिथे जोरदार वारा, विरळ तिथे मंद. आपल्या हवामान खात्याच्या नकाशावर या रेषा दोन-दोन हेक्टापास्कलच्या अंतराने असतात: १०००, १००२, १००४. युरोपच्या नकाशांवर चार-चारच्या. आपल्याकडचे फरक मुळातच नाजूक, चारच्या चाळणीतून ते गळून जातील.

रेषा मिटून वाटोळी झाली आणि आतला दाब कमी असला तर मधे ‘एल’ अक्षर घालतात, जास्त असला तर ‘एच’. रेषा न मिटता नुसती एका बाजूला लांबट फुगली असेल तर तो पट्टा, ज्याला वेधशाळेच्या पत्रकात द्रोणीय स्थिती म्हणतात. मिटलेल्या रेषा मोजूनही बरंच कळतं. एक असेल तर साधं कमी दाबाचं क्षेत्र, दोन असतील तर डिप्रेशन, तीन असतील तर डीप डिप्रेशन, चार किंवा अधिक म्हणजे चक्रीवादळ. खात्याची पक्की वर्गवारी मात्र वाऱ्याच्या वेगावर आहे: ताशी ३१ किलोमीटरपासून डिप्रेशन, ५० पासून डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ, आणि २२२ च्या पुढे सुपर सायक्लोन. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर आलेल्या अशा वादळाच्या केंद्रात दाब ९१२ होता. बातम्यांमध्ये ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ ही विशेषणं इतकी सैल वापरली जातात की मी ती सोडून देतो आणि वेग शोधतो.

दाबाचा फरक हवेला जास्तीकडून कमीकडे ढकलतो, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती वाटेत उजवीकडे वळते. परिणामी वारा कमी दाबाच्या मध्याकडे सरळ न जाता त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, आणि जमिनीच्या घर्षणामुळे हळूहळू आत शिरतो. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट याने १८५७ मध्ये याचा एक सोपा नियम सांगितला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. निसर्ग वादळाच्या वेळी या नियमाने वादळ कुठे आहे ते अंगणातून दाखवता आलं असतं. वादळ नैर्ऋत्येकडून येत असताना किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून होता, म्हणजे पाठ पूर्वेला, तोंड समुद्राकडे आणि डावा हात दक्षिणेला. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण नाहीसं होतं, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा जन्मत नाहीत.

नकाशावर प्रत्येक वेधशाळेच्या जागी एक छोटं वर्तुळ असतं. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती ढगांनी भरलेत तितकं ते काळं केलेलं असतं. वर्तुळातून निघालेली काडी वारा जिकडून येतो तिकडे दाखवते, आणि काडीच्या टोकाची शेपटं वेग सांगतात: अर्धं शेपूट पाच नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), पूर्ण दहा, काळा त्रिकोण पन्नास. डावीकडे वर तापमान, त्याखाली दवबिंदू, म्हणजे हवा जितकी गार झाली की दव धरू लागतं ते तापमान. हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ असले की हवा दमट. उजवीकडे वर तीन आकडे दिसतात, ०४२ किंवा ९६२ असे. जागा वाचवायला पुढचे आकडे गाळलेले असतात. ०४२ म्हणजे १००४.२ आणि ९६२ म्हणजे ९९६.२.

जुलैचा नकाशा

मान्सून ऐन भरात असतानाचा नकाशा पुढे घेतला की आधी वायव्येला पाहायचं. राजस्थान-पाकिस्तानवर तापलेल्या जमिनीमुळे झालेलं कमी दाबाचं मोठं क्षेत्र दिसेल. तिथून एक लांबलचक कमी दाबाचा पट्टा गंगेच्या खोऱ्यावरून, राजस्थानातल्या गंगानगरकडून थेट बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकापर्यंत गेलेला असतो. हीच मान्सूनची आस. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं निम्मं भवितव्य ती किती वर-खाली सरकते यावर ठरतं. आस नेहमीच्या जागेच्या दक्षिणेला असली की मध्य भारत आणि महाराष्ट्रात पावसाचा जोर. ती हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसली की तिथे, आसामात आणि बिहारच्या उत्तर भागात धो धो, आणि आपल्याकडे खंड. ऑगस्टमध्ये मराठवाड्यात सोयाबीन माना टाकतं तेव्हा आकाशाकडे पाहण्यापेक्षा आस कुठे आहे ते पाहावं.

मग उपसागरात पाहायचं. तिथे एखादी रेषा मिटलेली आहे का? ओडिशाच्या किनाऱ्यालगत तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र आसेच्या वाटेने छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश असं पश्चिमेकडे सरकतं, आणि जास्तीत जास्त पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो. म्हणून केंद्र मध्य प्रदेशात असताना विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र भिजतात. शिवाय त्याच्याभोवती फिरणारा वारा अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे आणखी जोराने ओढून घेतो. हजार किलोमीटरवरच्या ‘एल’मुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस वाढतो तो असा.

शेवटी पश्चिम किनारा. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर रेषांना हलकासा फुगवटा आला असेल तर ती किनाऱ्यालगतची द्रोणीय स्थिती. दिसायला अगदी किरकोळ, एक-दीड हेक्टापास्कलची गोष्ट. पण ती असली की रत्नागिरी, गोवा, मुंबईला सरींवर सरी येतात, नसली की कोकणातही ऊन पडतं. नवशिक्याच्या डोळ्यांतून नेमकी हीच सुटते, कारण तिच्यात वाटोळं असं काहीच नसतं.

राहिला राजस्थानचा प्रश्न: एवढा कमी दाब, मग पाऊस का नाही? तिथलं कमी दाबाचं क्षेत्र उथळ असतं. जमिनीलगत एक-दीड किलोमीटर हवा वर चढते, पण तिच्यावर हवा खाली बसत असते. झाकण लावल्यावर ढग वाढणार कसे? पाऊस पडायला हवा खोलवर, कित्येक किलोमीटर उंच चढावी लागते, आणि सोबत बाष्पही लागतं. म्हणून एकाच नकाशावर भागत नाही. हवामान खाते वेगवेगळ्या उंचीचेही नकाशे काढते. पत्रकात ‘समुद्रसपाटीपासून ३.१ किलोमीटर उंचीपर्यंत चक्राकार वारे’ किंवा ‘५.८ किलोमीटरपर्यंत’ असे विचित्र आकडे का येतात याचं उत्तर इथे आहे. वरच्या थरांत नकाशा उंचीचा न काढता ठरलेल्या दाबाचा काढतात: ८५० हेक्टापास्कलची पातळी सुमारे १.५ किलोमीटरवर असते, ७०० ची ३.१ वर आणि ५०० ची ५.८ वर. चक्राकार वारे ५.८ पर्यंत पोचलेत असं वाचलं की ती व्यवस्था खोल आहे, छत्री काढा.

वरचा नकाशा न पाहण्याची किंमत उन्हाळ्याच्या तोंडावर जास्त मोजावी लागते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने द्राक्षं, गहू, डाळिंबं झोडपली. अशा वेळी जमिनीलगतच्या नकाशावर डोळ्यांत भरेल असं फारसं नसतं. खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, वर पश्चिमी झंझावाताबरोबर (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हवेच्या लाटेबरोबर) दक्षिणेपर्यंत उतरलेली थंड, कोरडी हवा. इथेही फरकच, फक्त उभा, आणि तापमानाचा.

फरकाची हीच नजर समुद्रापार नेली ती गिल्बर्ट वॉकरने. १९०४ मध्ये तो भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला आणि दुष्काळाचा अंदाज बांधायला जगभरच्या दाबाच्या नोंदी चाळत बसला. प्रशांत महासागरात दाब चढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलट, हे त्याला दिसलं. आज एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्याची, बातमी येते तेव्हा ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणच्या दाबातला फरक अजूनही मोजतात. खात्याचं मुख्यालय तेव्हा सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्यात आलं, आणि शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकाला ते नाव पडलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, चौकाचं नाव राहिलं.

परदेशातला नकाशा, मोबाइलवरचा नकाशा

लंडनला किंवा शिकागोला राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या नकाशावर निळे त्रिकोण आणि लाल अर्धवर्तुळं लावलेल्या जाड रेषा दिसतात. त्या दोन वेगळ्या हवांच्या सीमा. निळ्या त्रिकोणांची रेषा अंगावरून गेली की थंडी येते, लाल अर्धवर्तुळांची गेली की ऊब. ध्रुवाकडची गार हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे ही भाषा लागते. आपल्याकडे जुलैत काश्मीरखाली अशी कुठलीच धारदार सीमा नसते, म्हणून आपल्या नकाशात ती चिन्हं शोधू नयेत.

मोबाइलवर दिसणारे रंगीत, हलते नकाशे सुंदर असतात आणि शेतकरीही ते आता सराईतपणे पाहतात. ते पाहताना एक भान ठेवावं. तो रंग बहुतेक वेळा मोजलेला नसतो, संगणकाच्या प्रारूपाने काढलेला असतो, आणि बऱ्याचदा तो उद्याचा किंवा परवाचा असतो. म्हणून आधी कोपऱ्यातली वेळ वाचावी. ती जागतिक वेळेत असेल तर साडेपाच तास मिळवावेत. ०३ लिहिलं असेल तर आपले सकाळचे साडेआठ. दोन वेगळी प्रारूपं एकच गोष्ट सांगत असतील तर विश्वास वाढवावा, भांडत असतील तर दोन्हींवरचा कमी करावा.

आणि नकाशाची चाळणी किती मोठ्या भोकांची आहे तेही लक्षात असू द्यावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात कुलाब्यात ७३. दोन्हींमध्ये अंतर पंचवीस-एक किलोमीटरचं. मान्सून जोरात आहे हे त्या दिवशीच्या दाबाच्या नकाशावरून सांगता येत होतं. पण दोन-दोन हेक्टापास्कलच्या रेषांमध्ये एका शहराचे दोन तुकडे पाडता येत नाहीत, त्याला पावसाचे ढग टिपणारं डॉप्लर रडार लागतं. गंमत म्हणजे हा आकडा खात्याच्या वहीत शोधायला गेलात तर तो २६ तारखेपुढे सापडणार नाही. पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि संपणाऱ्या दिवसाच्या नावावर टाकतात, त्यामुळे तो २७ जुलैला आहे.